केबल काढली

टीव्हीतली बाई तोंड अर्धं उघडं ठेवून थांबली होती. मीच थांबवली होती तिला — रिमोटवरचं दोन उभ्या रेघांचं बटण दाबून. आणि दाराबाहेर माझी धाकटी जाऊ, मथुरा, मला हाक मारत होती.

"बाय, ए बाय. घरात हाय का?"

मी हलले नाही. दाराला आतून कडी होती. मी पलंगाच्या कडेला रिमोट धरून बसले होते आणि श्वाससुद्धा हळू घेत होते. स्वतःच्याच घरात! तिनं परत हाक मारली. मग दार वाजवलं, दोनदा. मग म्हणाली, "एवढं वाचून दे गं जरा."

ते मी ऐकलं. नीट ऐकलं. तरी उठले नाही.

ती ओट्यावर बसली. तिच्या हातातली प्लास्टिकची पिशवी खुसखुसत होती. बराच वेळ बसली. मग चपला ओढत गेली. मी अजून थोडं थांबले — परत येईल की काय म्हणून — आणि मग तेच बटण दाबलं. टीव्हीतल्या बाईनं आपलं वाक्य पुरं केलं. काय वाक्य होतं? आठवत नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवासमोरही यावर तोंड उघडलेलं नाही, त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. मी चौथी पास आहे, अक्षर बरं आहे, लिहायला वेळही आहे. अजून काय लागतं?

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून. आम्ही मासळीवाले. माझं काम घरचं — बोंबील वाळत घालायचे, उलटायचे, जवळा निवडायचा. मथुरा माझ्या दिराची बायको, माहेर शिरगावचं. ती बाजार करायची. रोज सकाळी टोपली घेऊन बोईसरला. तिथं कारखान्यांत काम करणारे सगळीकडचे लोक, त्यांच्याशी भावतोल करून करून तिचं हिंदी पक्कं झालेलं. शाळेत मात्र एक दिवस गेलेली नाही. अंगठा उठवते. तेव्हा आमच्यात असं ठरूनच गेलं होतं — कागद आला की मी वाचायचा, हिंदी आलं की तिनं सांगायचं. रेशनचं, लाइट बिलाचं, औषधाच्या पाकिटावरचं, सगळं मी वाचून द्यायची. गोळ्या ती पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. एकदा मी सांगितलं की हा रंग सकाळचा, हा संध्याकाळचा, की ती विसरत नसे.

आणि हिंदी कुठं लागायचं? टीव्हीवर. आमच्याकडे टीव्ही बघण्याला केबल बघणं म्हणत. "केबल बघायला जाते." दीर गेल्यावर आणि मुलगी लग्न होऊन वाणगावला गेल्यावर मथुरा एकटी. सातला पाच कमी असताना ती सुपात जवळा घेऊन माझ्याकडे यायची. सातला सिरीयल लागायची. दोघींचे हात जवळ्यात, डोळे टीव्हीवर, आणि तिचं तोंड चालू — आता ही काय म्हणाली, तो काय म्हणाला. माझा मुलगा हरेश, सून दर्शना, नात, सगळे तिच्यासाठी येऊन बसायचे. हिंदी त्यांना सगळ्यांना कळायचं. ते मथुराचं ऐकायला बसायचे.

मला ते आवडायचं का? सांगते. आवडायचं, आणि आत कुठंतरी खुपायचंही. मी थोरली. मी शिकलेली. आणि माझ्याच घरात मला ही सांगणार?

एक दिवस सिरीयलमधली ती सून — गळ्यात हे एवढाले हार — रडत म्हणाली, "मैं मजबूर हूँ." मथुरा तेवढ्यात जवळ्यातला खडा काढत होती. मला वाटलं, मला कळलं. मी म्हटलं, "एवढे दागिने घालून ही मजूर कशी?"

सगळे हसले. हरेश तर भिंतीला टेकून हसला. मथुराच्या मांडीवरचं सूप सांडलं. "अगो बाय," ती म्हणाली, "मजूर नाय, मजबूर! नाइलाज झालाय तिचा. चौथी शिकून काय केलंस तू?"

हसायची गोष्ट होती, हसले. तिथं संपली असती. पण मथुरानं ती दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात सांगितली. आमच्या गल्लीतल्या चार बायका तिच्या शेजारी बसतात, त्यांनी गावात आणली. मग मी पाण्याला गेले की, "काय मजूर बाय, आज कामाला नाय?" वाळवणीवर गेले की, "मजूर बाय आली, हजेरी लावा." वर्षभर चाललं. मथुराच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? माझ्या मनात होतं.

मग हरेशनं घरात इंटरनेट घेतलं. म्हणाला, "आई, आता केबल नको. सगळं नेटवर येतं. पाहिजे तेव्हा लाव, पाहिजे तेव्हा थांबव." केबलवाल्याचा माणूस खांबावर चढून वायर गुंडाळत होता, त्याच वेळी मथुरा बोईसरहून परत आली. डोक्यावर रिकामी टोपली. वर बघत राहिली.

"केबल काढली?"

"काढली," मी म्हटलं.

"मंग आता?"

"मंग काय? काढली म्हणजे काढली."

यात खोटं कुठं आहे? केबल काढली होती. पण तिला काय समजेल ते मला ठाऊक होतं. केबल गेली म्हणजे टीव्ही गेला, बघणं संपलं. ती म्हणाली, "बरं झालं, डोळ्यांना आराम." आणि घरी गेली. तिच्या पाठीकडे बघून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते — बरं वाटलं.

नंतर कुणी तिला सांगितलं कसं नाही? कोण सांगणार? गल्लीत एकेक करून सगळ्यांच्याच वायरी उतरल्या. संध्याकाळी आमच्या घरी आता टीव्ही लागतच नव्हता, जो तो आपल्या मोबाइलमध्ये. मथुराकडे बटणांचा फोन. मी टीव्ही लावायची ती दुपारी, ती बोईसरला असताना, दार लावून. नातीनं मला शिकवलं — कुठलं बटण कशाला. तीच आमची सिरीयल मराठीतही लावता येते, हेही तिनंच दाखवलं. आता मला मथुरा कशाला पाहिजे होती?

तर ऐका. मी ती सिरीयल पहिल्यापासून लावली, मराठीत. आणि बघते तर काय — ही ती सिरीयल नव्हतीच! मथुरा सांगायची की सासू सुनेला म्हणते, "तुझं कालवण पाण्यासारखं आन् जीभ तेवढी तिखट." ती सासू प्रत्यक्षात म्हणत होती, घराण्याची इज्जत, घराण्याची परंपरा, घराण्याची इज्जत. दुसरं काही नाही. मथुरानं सांगितलेला तो तोतरा वकील — तो तोतरा नव्हताच. थोरल्या जावेनं धाकटीची माफी मागितली होती म्हणे, मथुरा सांगताना रडली होती. मी तो भाग दोनदा लावला. माफी नव्हती. ती बाई पडदा सरकवून निघून गेली, बस. मथुराला हिंदी येत नव्हतं असं नाही. चांगलं येत होतं. जे कानावर यायचं ते बेचव होतं, म्हणून ती आपलं तिखटमीठ घालून आम्हाला वाढायची. वर्षानुवर्षं आम्ही टीव्हीसमोर बसून मथुराची सिरीयल ऐकली.

मग माझं बघणं कमी झालं. तीन तासांचं एक तास, मग अर्धा, मग आठवड्यातून एकदा. लावायची, थांबवायची, बोंबील उलटायला जायची, आणि परत लावायची आठवण राहायची नाही. कधी लावली तरी ती तिथंच उभी. घाई नाही, सातला पोचायचं नाही, कुणी वाट बघत नाही. दर्शनानं हे पाहिलं आणि तिला वाटलं सासूबाई सुधारल्या. आल्यागेल्याला सांगते, "आमच्या आईंनी या वयात टीव्ही सोडला. नाहीतर आपण बघा." बायका मला विचारतात, कसं जमवलंत? मी म्हणते, मनावर घेतलं की जमतं. अजूनही म्हणते.

मथुराला परत बोलवायचं होतं, तर बोलवायचं ना? एवढंच म्हणायचं होतं — टीव्ही चालू आहे गं, ये. पण मग ती विचारणार, कधीपासून? आणि दर महिन्याला ते अजून अवघड होत गेलं.

आता ती संध्याकाळ. नारळी पौर्णिमा होती. सगळं गाव नारळ घेऊन बंदरावर. हरेश, दर्शना, नात, शेजारीपाजारी — गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. गुडघे काही दुखत नव्हते. घर रिकामं मिळालं, बऱ्याच दिवसांनी संध्याकाळी सातला टीव्ही लावावासा वाटला. मथुरा बंदरावरच असणार, असं मी धरून चालले होते.

ती गेली नव्हती. तिला सकाळपासून चक्कर येत होती. आदल्या दिवशी दवाखान्यात तिच्या साखरेच्या गोळ्या बदलून दिल्या होत्या. नवी गोळी जोराची, फक्त सकाळी एकच. पण तिचं पाकीट नेमकं त्या रंगाचं, जो रंग मी तिला संध्याकाळचा म्हणून शिकवला होता. सकाळी एक घेतली होती, आता परत घ्यायची का, अशी तिला शंका आली. म्हणून ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

टीव्ही बंद करता येत होता. लाल बटण मला माहीत होतं. बंद करायचा, कडी काढायची, पाकीट हातात घ्यायचं, वाचायचं. माझा चष्मा कपाळावरच होता.

घरी जाऊन तिनं ती गोळी खाल्ली. रंग बघून. लोक बंदरावरून परतले तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली, अंग घामानं थबथबलेलं, शुद्ध नाही. साखर फार उतरली होती. पडताना खुबा मोडला. रिक्षानं बोईसरला नेली, तिथून पालघरला. ऑपरेशन झालं.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिची मुलगी उशाशी बसली होती, म्हणत होती, कुणालातरी विचारायचंस ना आई, काकूला विचारायचंस. मथुरा म्हणाली, "गेलते ना. बाय घरात नव्हती. बंदरावर गेलती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टीव्हीचा आवाज आलता गं, म्हणून तर हाका मारल्या. मंग एकदम थांबला. तुझ्याकडं तर केबल नाय. शेजारचा असंल, नाय?"

मी म्हटलं, "शेजारचाच."

ती म्हणाली, "तेच म्हटलं मी." आणि डोळे मिटले.

शेजारचेही त्या दिवशी बंदरावर होते. हे तिला माहीत होतं की नव्हतं? त्यानंतर तिनं एकदाही तो विषय काढलेला नाही. मीही काढलेला नाही. तिच्या सगळ्या औषधांवर मी आता मोठ्या अक्षरात सूर्य नाहीतर चंद्र काढून देते. गावात म्हणतात, जावाजावा असाव्यात तर अशा. मी ऐकून घेते.

तिचा बोईसरचा बाजार सुटला. चार पायांच्या काठीवर घरातल्या घरात चालते. टोपली तिनं मुलीला देऊन टाकली.

मी तेव्हा घरात होते, मला काही झालं नाही. झालं ते मथुराला झालं. ती माझी धाकटी जाऊ, आता सत्तरीची आहे, आणि चार घरं सोडून एकटी राहते.