माझी एम.ए.ची पहिली हजेरी

आता कसं सांगू तुम्हाला! आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल.

तर मी निवृत्त झालो आणि इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचं ठरवलं. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' एवढंच इंग्रजी लिहिलं होतं हो! कधीतरी शिक्षकासमोर बसून कविता शिकायची, ही तेव्हापासूनची हौस. आमची ही म्हणाली, "अहो, मुलांपेक्षा लहान पोरं असतील वर्गात. हसतील!"

"हसू देत," म्हटलं. प्रवेश मिळाला तोसुद्धा प्रतीक्षा यादीतून, अगदी शेवटचा. फलकावरचं माझं नाव मी तीनदा वाचलं आणि कसब्यातल्या घरापर्यंत तरंगतच आलो.

पहिला दिवस. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, डोक्यावर पांढरे केस. वर्गात पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग उभा!

"गुड मॉर्निंग, सर!"

आता सरळ माणसानं काय करावं? "बाळांनो, मी तुमच्यातलाच" म्हणावं आणि बाकावर जाऊन बसावं. पण बत्तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं. शिपाईसुद्धा नाही! मी म्हणालो, "सिट डाउन." आणि स्वतः बसलो. कुठे? खुर्चीत!

दोन मिनिटं बसू आणि मग सांगू, असा विचार होता. खरंच! तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आत आली.

"पहिल्याच दिवशी उशीर?" मी.

"सॉरी सर! हडपसरहून येते, बस मिळाली नाही."

"सबबी नकोत. बसा जागेवर."

"सर, मी... मी शिकवते इथं."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण मॅडम माझ्याहून जास्त घाबरलेल्या! त्याचं असं होतं, की त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती, न कळवता, केव्हाही. मॅडमनी माझ्या केसांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"आपण समितीचे ना, सर? प्राचार्यांना बोलावते!"

मी तोंड उघडेपर्यंत त्या पळाल्यासुद्धा.

प्राचार्य आले. मागून शिपाई, चहा आणि काजूची बशी घेऊन. काजू! पुण्यात! न मागता! मला तर गहिवरून आलं.

"बाकीचे सदस्य, सर?"

"येतील," मी म्हणालो. खोटं कुठे होतं ते? कधीतरी येणारच होते की.

"काही सूचना?"

निदान इथं तरी गप्प बसावं की नाही? छे! दोन काजू पोटात गेले होते, आता मला कोण आवरणार? "शिस्त ढिली वाटते," मी पाय पसरून म्हणालो. "पहिल्या दिवशी जो गैरहजर, त्याचं नाव सरळ कापा. उगाच जागा अडवून बसतात."

"वा! मॅडम, घ्या हजेरी. आत्ता, सरांसमोर."

एक ते चाळीस, सगळे हजर. मग मॅडम म्हणाल्या, "एक्केचाळीस. इनामदार?"

माझ्या तोंडात तिसरा काजू होता.

"इनामदार आहेत का?"

मी पंख्याकडे बघत बसलो.

"एकच सापडला, सर!" प्राचार्य भलतेच खूश. लाल पेनचं टोपण निघालं. "आपल्या देखतच कापतो."

अहो, आयुष्यभराची हौस त्या पेनच्या टोकाखाली! तोंड उघडावं तर लाज जाते, गप्प बसावं तर प्रवेश जातो. रडू यायचंच काय ते बाकी होतं. पेन कागदाला टेकलं मात्र, मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो,

"प्रेझेंट, मॅडम!"

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. मॅडम टेबलाला धरून हसल्या, पण हजेरी लावली बिचारीनं. प्राचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी पेनला शांतपणे टोपण लावलं, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि माझ्यासमोरची बशी उचलली.

"इनामदार, तोंडातला राहू द्या. बाकीचे समितीसाठी आहेत."