कोपरात दुमडलेला रेणू

फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. "मॅडम, सर प्रयोगशाळेत पडले," एवढंच कॉलेजचा माणूस म्हणाला. मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "सर म्हणजे आपल्या बारावीच्या वर्गाचा प्राण होते." चार लोकांची भीड नसती तर मी तिथेच उठून विचारलं असतं, मग इतकी वर्षं त्या वर्गात पाय का ठेवू दिला नाही त्यांना? नाही विचारलं... म्हणून हे लिहिते आहे.

माझे यजमान सुधाकर मूळचे रोहण्याचे. नव्वदच्या सुमारास वर्ध्यात जीवशास्त्र शिकवायला आले आणि आम्ही पिपरी मेघेला बिऱ्हाड केलं. मी मराठीची शिक्षिका, पाल दिसली तरी घर डोक्यावर घेणारी. पण वर्गात शिकवायचं ते आदल्या संध्याकाळी माझ्यावर आजमावून पाहायची त्यांना सवय होती. ट्रान्स्फर आरएनए हा पेशीतला रेणू मी पोळ्या लाटता लाटता शिकले. त्यांनी माझा पिठाचा हात धरून कोपरात काटकोनात दुमडला. "हे पाह्य. बोटाच्या टोकाले अमिनो आम्ल चिकटून हाये. खांद्यापाशी तीन अक्षरं हायेत, ते डीएनएकडून आलेल्या निरोपातल्या तीन अक्षरांशी जुळवून पाह्यतात. जुळले का आम्ल साखळीत गेलं. असं एकामागं एक जुळत गेलं का प्रथिन तयार!" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं, "मंग दोन्ही टोकं येवढे लांब काऊन?" काय खूश झाले! म्हणाले, "अवं, तेच तर हाये. निरोप जुळवते तिथून माल दिसतच नाई. रायबोसोम, म्हंजे प्रथिन जोडनारा कारखाना, खूण पाह्यते फक्त. माल चुकीचा चढवला असन, तरी खूण जुळली का पास." मी म्हटलं, हे तर आपल्या ऑफिसांसारखंच झालं. पोळी करपेपर्यंत हसलो आम्ही.

पुस्तकात मात्र हा रेणू एका देठाला फुटलेल्या तीन पानांसारखा, कागदावर चपटा काढलेला असायचा. कुठला भाग कुठे जुळतो हे कळायला ते चित्र ठीकच आहे. पण पेशीत तो स्वतःवरच दुमडून इंग्रजी एल अक्षरासारखा होतो, हे सांगितल्याशिवाय यांचा तास संपत नसे. अख्खा वर्ग हात दुमडून बसायचा. दोन्ही आकृत्या काढा, असं ते बजावून सांगत. एका वर्षी अल्लीपूरच्या एका हुशार मुलीने परीक्षेत घाईघाईत दुसरीच, एलची, तेवढी काढली, अगदी रेखीव, नावांसकट. मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला. हे नागपूरला जाऊन ओळखीच्या परीक्षकाला भेटले. तो म्हणाला, आदर्श उत्तरात तीनपानी आकृती होती, दुसरी काढणाऱ्याला शून्य.

मुलीचे वडील, किराणा दुकानदार, घरी आले. चहाला हात लावला नाही. "सर, पुस्तकात नाई ते तुमी काऊन शिकवलं?"

"पुस्तकातलं चित्र चपटं हाये, भाऊ. पेशीत तो तसा नसते."

"मले पेशी काय करायची हाये? मले पोरीची ॲडमिशन पाह्यजे होती."

त्या माणसावर मला आजही रागावता येत नाही. राग आहे तो कॉलेजवर. जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात बारावीच्या वर्गापुढे नोट्स उतरवून देणाऱ्या नव्या सरांचं नाव होतं. यांच्या वाट्याला प्रॅक्टिकल, म्हणजे कांद्याची मुळं आणि काचपट्ट्या. दर जूनला हे जाऊन वर्ग मागायचे, आणि दर जूनला "पुढच्या वर्षी पाहू" ऐकून परत यायचे. पुढे पुस्तक बदललं, नव्या पुस्तकात त्या एल आकाराचं एक वाक्य आलं. पुस्तक घेऊन हे लहान मुलासारखे धावत प्राचार्यांकडे गेले. "आता कशाला दगदग, सर? निवांत प्रॅक्टिकल घ्या," असं उत्तर मिळालं. त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "मले वर्ग पाह्यजे होता वं... बाकी काई नाई."

मग मागच्या खोलीत, मोटर वाइंडिंगची जाड तार आणि रंगीत मणी आणून त्यांनी तो रेणू करायला घेतला. कोणासाठी करताय, असं विचारायची माझी छाती झाली नाही. सोडून द्यायचे, पुन्हा वाकवायचे. जाण्याच्या थोडे दिवस आधी तो मनासारखा उभा राहिला.

शोकसभेनंतर कॉलेजने सरांची आठवण म्हणून काहीतरी मागितलं. मी तो दिला. निदान तो तरी बारावीच्या वर्गात जाईल, ही वेडी आशा, दुसरं काय! काचेच्या कपाटाचं उद्घाटन होतं म्हणून गेले, तर आत तार सपाट करून ठोकलेली. कपाट उथळ होतं. नोट्स देणारे तेच सर हौसेने म्हणाले, "मॅडम, आम्ही जीवशास्त्राच्या चौघांनी मिळून सरळ केली. आता पोरांना पुस्तकातल्या चित्राशी जुळवून पाहता येईल." मी तिथल्या तिथे खिळे काढायला लावले आणि ती तार घरी आणली. मागच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसून, पूर्वीसारखी दुमडायला गेले. कोपरातच तुटली.

तारेचं मला काही वाटत नाही. तार किती वेळा वाकणार! पण ती सरळ करताना तिथे जीवशास्त्र शिकवणारी चार माणसं उभी होती, आणि आपण काही मोडतोय असं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही.