जुळतात तेवढे हात

गुरवाच्या घरात जन्मून मी देवळात जायचं सोडलं होतं. देवाशी भांडण झालं असतं तरी चाललं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं. तसं काही नव्हतं. मला नमस्कार करता येईना, एवढंच. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चूक कुणाची हे उगाळण्यात आता अर्थ नाही. जखम भरली, कंपनीनं स्टोअरमध्ये बसवलं, डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. पण हात जोडायला गेलो की डाव्या हाताची बोटं एकटीच उभी राहायची, त्यांच्या समोर कुणीच नाही. मला ते बघवत नसे. मग मी हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली.

आमचं गाव मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या काठाला. गाव आपलं म्हणायचं; शेतं होती तिथं आता टॉवर आहेत आणि आमच्याच गावात आम्हाला पत्ता विचारणारे लोक भेटतात. भैरवनाथाचं देऊळ तेवढं जुन्या घडीव दगडाचं, ठेंगणं. आत शिरताना भल्याभल्यांना वाकावं लागतं. तिथली पूजा आमच्या दोन घरांत वाटलेली, एक पाळी आमची, एक चुलतभावाची. तो वयानं मोठा, देवस्थान समितीचा अध्यक्षही तोच. मी दवाखान्यातून घरी आलो त्या आठवड्यात तो येऊन म्हणाला, "आता तू कशाला तरास घेतोस? तुझी पाळी बी मीच बघतो. हाताचं काम हाय ते." मायेनंच बोलला तो. मी मान हलवली आणि तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बायको जेवायला बोलावून दमली.

पुढे समितीनं जीर्णोद्धार काढला. जीर्णोद्धार म्हणजे आमच्याकडे फरशी. घडीव दगडावर चकचकीत ग्रॅनाइट बसवायचं ठरलं. भिंतीला मशीन लागलं, गाभारा हादरला आणि देवाचं कवच गळून पडलं. पिढ्यानपिढ्या थरावर थर चढवलेला तो शेंदूर होता. आम्ही आजवर ज्याला देव म्हणत होतो तो दोन चांदीचे डोळे लावलेला केशरी गोळा होता. आतून काळ्या दगडाचा भैरव निघाला. एका हातात डमरू, एका हातात त्रिशूळ, गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी कोरलेला, पायाशी मान वर करून बघणारं कुत्रं. इतका देखणा देव आपल्या घरात होता आणि आपल्याला माहीतच नव्हतं, असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. मग खाली नजर गेली. पुढचा उजवा हात मनगटापासून नव्हता.

बैठक बसली. "खंडित मूर्ती पुजायची न्हाई, रीतच हाय तशी," चुलतभाऊ म्हणाला. संगमरवरी मूर्ती घडवायला सांगायची, ती आली की जुनी नदीत सोडायची, असं ठरलं. मात्र देव जागेवरून उठवायचा तर दोन्ही घरच्या गुरवांचा हात लागावा लागतो. माझा डावा चालेल, असंही ठरलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आधी पुजाऱ्याचा हात गेला, आता देवाचा." मला ते नीट ऐकू आलं. घरी आलो आणि खरं सांगतो, त्या रात्री मला देवाचं वाईट वाटलंच नाही, माझंच वाटलं. खंडित झालं की नदीत सोडायचं, हा न्याय त्याला लागला तसा मलाही लागलाच होता. मला फक्त स्टोअरमध्ये सोडलं होतं.

त्या रविवारी गळालेलं कवच वाजतगाजत नदीला न्यायचं होतं. सगळं गाव टेंपोमागून गेलं. देवळाकडे कुणीतरी हवं म्हणून मला बसवलं. ताशांचा आवाज लांब गेला आणि मी आणि तो, दोघंच उरलो. मी त्याच्याकडे पाठ करून सभामंडपात बसलो होतो.

एक म्हातारी बाई आली. पाठीला गाठोडं, हातात झेंडूचा हार. मराठवाड्याकडची असावी. मुलाकडे टॉवरमध्ये राहत होती म्हणे, आज गावी परत निघाली होती. आमच्याकडे बायका गाभाऱ्यात जात नाहीत. तिनं उंबऱ्यापाशी उभी राहून हार पुढे केला. "घाला की ओ, पुजारी."

"पूजेवाले नदीला गेलेत," मी म्हणालो. "येतील एवढ्यात."

"मग तुमी कोन?"

मला खोटं बोलवेना. "गुरवच आहे. पण हात..." म्हणत मी खिशातून हात काढला. वाटलं, आता ती हळहळेल. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "लई दुखतंय का?"

"आता नाही."

"मग घाला ना लवकर. फाट्यावरून गाडी जाईन माझी!"

इतक्या दिवसांत माझ्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं. मी निमूट वाकून आत गेलो. हार जड होता. तो देवाच्या गळ्यात घालताना माझा तोल गेला आणि सावरायला म्हणून उजवा हात टेकला तो नेमका त्याच्या तुटलेल्या मनगटावर. मी तसाच थांबलो. नवा तुटलेला दगड बोचतो. हा गुळगुळीत होता, उंबऱ्यासारखा, कितीतरी हातांनी झिजलेला. गुरवाच्या हाताला हे कळतं. शेंदराचा पहिला थर चढायच्या कितीतरी आधी हा हात गेला होता आणि त्यानंतरही माणसं त्याला तेल लावत होती, पाणी घालत होती, तिथंच हात ठेवून आपलं गाऱ्हाणं सांगत होती. माझा थोटा हात त्याच्या थोट्या हातावर होता आणि मी हुंदके देऊन रडत होतो. बाहेर आलो तेव्हा बाई गेली होती. मी तिचं नावही विचारलं नाही.

मंडळी परतली तेव्हा मी चुलतभावाला म्हणालो, "दादा, देव उठवायला माझा हात लागणार न्हाई." तो चिडला. मी त्याला हात धरून आत नेलं आणि त्याचा हात त्या मनगटावर ठेवला. तोही गुरवच. त्यानं त्या झिजेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आपल्या आज्या-पणज्यांना ठावं व्हतं की रं हे."

सगळं माझ्या मनासारखं झालं असं नाही. ग्रॅनाइट बसलंच, संगमरवरी मूर्तीही आली आणि मधल्या चौथऱ्यावर तीच उभी आहे. गर्दी तिच्यापुढे असते. जुना भैरव नदीत गेला नाही, एवढंच. बाजूच्या कोनाड्यात, कमी उजेडात आहे; तिथं हलवण्यापुरता मी हात लावला. मला अजूनही कधी कधी सकाळी उठायची इच्छा होत नाही. पण माझी पाळी मी परत घेतली आहे. तेल लावताना त्या मनगटापाशी थोडा जास्त रेंगाळतो. बोटं परत दे असं मी त्याच्याकडे मागत नाही. त्याचीच कुठं परत आलीत? शेवटी समोर उभा राहतो आणि जुळतात तेवढे हात जोडतो.