ठेक्यातली फट

माझ्या हातून एका माणसाचा खांदा मोडला, आणि माझ्या खोट्या शब्दाने दुसऱ्याच्या हाताची बोटे मोडली. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या, गावच्या जत्रेत, भर आखाड्यात. आता पन्नाशी उलटल्यावर त्या दुपारचा विचार करतो तेव्हा तिची सुरुवात मला आखाड्यात सापडत नाही. ती सापडते ग्रामपंचायतीच्या खोलीत, रेडिओपाशी.

आमचे गाव मारुंजीच्या शेजारचे. त्या काळी आमच्याकडे वीज नव्हती. पंचायतीला सरकारकडून मिळालेला रेडिओ बॅटरीवर चाले आणि संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमापुरता उघडला जाई. मी सातवी शिकलेला, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे होती. रविवारी सकाळी तिथे कोणी नसे. मी दार लोटून बैठका मारीत असे आणि सोबतीला रेडिओ लावीत असे. एकदा बटण फिरवता फिरवता समुद्रापलीकडचे कुठले तरी केंद्र लागले. निवेदक अगदी संथ इंग्रजीत बोले. त्यातले दोनच शब्द पुन्हा पुन्हा येत म्हणून माझ्या लक्षात राहिले: जॅझ आणि ब्लूज. अर्थ मला ठाऊक नव्हता. पण पितळी वाद्यांचा तो कल्लोळ, त्याखालून धावणारे ढोल आणि मधूनच कुणाच्या तरी गळ्यातून फुटणारा दुखऱ्या जनावरासारखा आवाज मला परका वाटला नाही. आमच्या घरात मार देणे आणि मार खाणे हीच बोलण्याची रीत होती. तालमीत मी खाली पडलो की वडील घरी आल्यावर पोटऱ्यांवर वेताने वळ उठवीत, आणि माझे वळ ताजे असले की मी तालमीत जोडीदाराच्या मानेवर कोपराचे घाव अधिक जोराने घालीत असे. ते संगीत ऐकताना मला वाटे, हेही कुठेतरी मार खाऊनच आलेले आहे.

गावच्या हलगीवाल्याने ते बाहेरून जाताना ऐकले आणि तो पायरीवर बसला. आम्ही एकाच वयाचे. जत्रेतल्या कुस्त्यांना हलगी वाजवण्याचा मान त्याच्या घराकडे पिढ्यांचा होता. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मी खोलीत आणि तो पायरीवर, अशी आमची बैठक असे. आत ये, असे मी त्याला कधी म्हटले नाही आणि त्यानेही कधी उंबरा ओलांडला नाही.

“हा बाबा लई हळू बोलतुया,” तो निवेदकाबद्दल म्हणे. “घरात कुनी निजलंय जनू.”

एका रविवारी मोठा कल्लोळ चालू असताना सगळी वाद्ये एकदम थांबली. मी बैठकीत अर्धा खाली गेलेला होतो, तसाच थबकलो.

“बॅटरी गेली का रं, पैलवान?”

एवढे तो म्हणतो न म्हणतो तोच सगळी वाद्ये एका ठोक्यावर पुन्हा कोसळली. तो मांडीवर थाप मारून हसला. “आयला, थांबली न्हवती. मनात मोजत व्हती समदी.”

पुढे पुढे ठेक्यातली ती फट आम्हाला ओळखता येऊ लागली. ती येण्याआधी ढोल किंचित घाई करीत. तो आपल्या दोन काड्या, एक आखूड जाड आणि एक लांब बारीक, पायरीच्या दगडावर वाजवून पाही. मी त्या फटीत श्वास धरून राही आणि ठोका परतला की झटक्यात उठे. म्हणजे माझे शरीर ती फट शिकत होते. हे मला त्या वेळीही समजत होते. आज सोयीने आठवलेले नाही.

आता आखाड्याची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावरच आहे. आमच्याकडे कुस्ती हलगीवर लागते आणि हलगीवरच सुटते. माणसांच्या गलक्यात पैलवानांना पंचांचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कुस्ती सोडवायची झाली की पंच हलगीवाल्याला हात करतात. हलगी थांबली की दोघांनी पकड सोडायची. लहानपणापासून हे अंगात इतके मुरते की हलगी थांबताच बोटे आपोआप ढिली होतात.

त्या वर्षी माझी शेवटची जोड कासारसाईच्या पैलवानाशी लागली. तो माझ्याहून थोराड आणि ताकदीचा होता. सलामी झाली आणि त्याने पहिल्याच झटापटीत माझ्या नाकावर डोके घातले. रक्त ओठांवरून तोंडात आले. मी त्याच्या कानशिलावर मनगट घासून कातडे सोलले. त्याने मला खाली घेतले आणि गुडघा मानेवर रोवून माती चाटायला लावली. कासारसाईचे लोक ओरडत होते, “दाब त्याला! घोट नरडं!” मी कसाबसा उठलो. आम्ही पुन्हा भिडलो, त्याचा उजवा हात माझ्या काखेत अडकला आणि दोघेही तसेच थरथरत उभे राहिलो. हलगी चढत गेली. हलगीवाल्याचे डोळे मिटलेले होते. आणि मग हलगीने किंचित घाई केली.

मी ओळखले.

हलगीचा ठेका तुटला. पंचांनी हात केलेला नव्हता. वाजवणारा वाजवण्याच्या भरात होता. रविवारची ती फट त्याच्या हातून आपसूक निघाली होती. कासारसाईचा पैलवान रीतीचा माणूस. त्याची बोटे माझ्या दंडावरून सुटली, आणि कुस्ती बरोबरीत सुटली असे समजून त्याने श्वास सोडला. तो श्वास मला गालावर लागला. ठोका परतण्याच्या आत मी त्याचा हात खेचून कंबर घातली आणि त्याला डोक्यावरून आपटले. तो खांद्यावर पडला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि त्याच क्षणी हलगी पुन्हा कडाडली. तो खाली किंचाळत होता, त्याच्या दंडाचे हाड कातडीतून बाहेर आले होते, आणि वर हलगी चालली होती.

मग दगड आले. कासारसाईकर बैलगाड्यांचे खुंट उपसून आखाड्यात घुसले. एका पंचाची कवटी फुटली. कुणी तरी ओरडले, “हलगीवाला फितवला!” तेवढे पुरे झाले. त्यांनी त्याला पायाला धरून ओढत मध्ये आणले. पंचांपैकी जे शुद्धीवर होते त्यांतल्या वडीलधाऱ्याने माझ्या दंडाला धरून विचारले, “खरं सांग. हलगी थांबली, तुला ठावं व्हतं का?”

हलगीवाला मातीत पडून माझ्याकडे बघत होता. त्याचा मान, त्याचा हात, कदाचित जीवही माझ्या एका शब्दावर होता. ही फट त्याच्या हातून आपसूक निघाली, तिच्यात कपट नाही आणि कपट केले ते मी, एवढेच मला सांगायचे होते.

“मला काही ऐकू आलं न्हाई,” मी म्हणालो. म्हणजे मी सुटलो, आणि सगळा दोष एकट्या हलगीवाल्यावर राहिला.

त्यानंतर त्याला आमच्याच गावाने अधिक मारले. आपण कटात नाही हे पाहुण्यांना दिसावे म्हणून प्रत्येक जण पुढे होऊन लाथ घालीत होता. एकाने हलगीचे कातडे गुडघ्याने फाडले. एकाने त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि दुसरा दगड वरून घातला. माझ्या डोक्याला त्या वेळी विजयाचा फेटा बांधला जात होता. मी मान वाकवून तो बांधून घेतला.

पावसाळा उलटल्यावर एका रविवारी सकाळी कासारसाईचा पैलवान पंचायतीच्या दारात उभा राहिला. त्याचा उजवा हात आखडून छातीशी आला होता. तो हलगीवाल्याच्या घरी जाऊन आला होता.

“त्यो म्हनतो, ती थांबनूक हितल्या डब्यात हाय. ऐकव.”

मी रेडिओ लावला. त्याला आत बसवले. तो पाय दुमडून, डोळे संचावर रोखून बसला. बराच वेळ नुसतीच गाणी झाली. मग एकदा वाद्यांनी घाई केली आणि सगळी थांबली. त्याच्या डाव्या हाताची बोटे मांडीवरून सुटली. मी ती सुटताना पाहिली. वाद्ये परत कोसळली तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

“परत लागलं.”

“व्हय.”

“तवा बी लागली व्हती हलगी परत?”

“लागली व्हती. तू पडलास तवाच.”

“आन् तुला ठावं व्हतं, ती लागनार.”

“व्हय. ठावं व्हतं.”

तो उठला आणि डाव्या हाताने त्याने माझ्या कानावर ठोसा घातला. मी रेडिओवर पडलो, रेडिओ जमिनीवर पडला. “तुला ऐकू आलं न्हवतं, न्हवं?” असे म्हणत त्याने दुसरा घातला, मग तिसरा. मी हात वर केले नाहीत. मार खाण्याची सवय होती, म्हणून ते मोठेसे प्रायश्चित्त नव्हते. थकल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि रडू लागला. “ह्या डब्याम्होरं सांगून काय हुतंय,” तो म्हणाला. “आखाड्यात सांग.”

पुढच्या जत्रेत मी आखाड्याच्या मधोमध उभा राहून सांगितले आणि फेटा पंचांपुढे ठेवला. कुणीतरी फेकलेल्या दगडाने माझी भुवई फुटली. वडिलांनी त्या रात्रीनंतर माझ्याशी बोलणे टाकले. पण हलगीचा काढून घेतलेला मान पुन्हा हलगीवाल्याच्या घरी गेला, आणि कासारसाईच्या पैलवानाने स्वतःच्या डाव्या हाताने त्याच्या गळ्यात नवी हलगी घातली.

हलगीवाल्याची बोटे वाकडी जुळली होती, तरी तो वाजवू शकत होता. त्या दिवशी मी गर्दीत मागे उभा राहून कुस्त्यांपेक्षा हलगीच ऐकत होतो. एका कानाने, कारण दुसरा त्या ठोशांनी कायमचा गेला होता. जोडी भिडली, हलगी चढली, मला वाटले आता ती घाई करील. तिने केली नाही. ठेका सरळ, एकसारखा, पंचांचा हात वर होईपर्यंत चालत राहिला.

दुरुस्त होऊन आलेला रेडिओ मी पुढे कित्येक रविवारी दार उघडे ठेवून लावला. हलगीवाला समोरच्या वाटेने आपली शेळी घेऊन जाई. एकदा मी त्याला हाक मारली, “आत ये की.” तो थांबला, क्षणभर वाद्ये ऐकली.

“नगं, पैलवान,” तो म्हणाला. “त्ये ऐकलं की हात चुकतुया.” आणि त्याने शेळीची दोरी ओढली.