नवस मोडून लावलेलं दही

माझी थोरली मुलगी दोन वर्षांची असताना तिचं पोट बिघडलं, आणि महिने गेले तरी थाऱ्यावर येईना. हैदराबाद संस्थान विलीन झालं, त्यानंतरची वर्षं. आमचे हे तुळजापुरात कचेरीत कारकून होते. उर्दूतली जुनी दप्तरं मराठीत उतरवण्यात त्यांचा दिवस जायचा. मामंजी देवीचे पुजारी. गोठ्यात एक गाय, आणि माझ्या मांडीवर ही पोर. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं टम्म. दूध पाजलं की थोड्या वेळात सगळं बाहेर.

वैद्य झाले, काढे झाले, दृष्ट काढून झाली. एका मंगळवारी मामंजी देवळातून आले आणि ओसरीवर उभं राहूनच म्हणाले, "आज देवीला बोललो. पोरगी बरी होईतो ह्या घरात दही-ताक बंद."

हा त्याग लहान नव्हता. ताकाशिवाय त्यांचं जेवण उरकत नसे. नातीवर जीव होता म्हणूनच त्यांनी सगळ्यांत आवडीचं सोडलं. सासूबाईंनी त्याच दिवशी दह्याचं गाडगं धुऊन पालथं घातलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पोरीला घेऊन मोटारीनं सोलापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं. म्हणाले, "हिला दूध पचत नाही, बंद करा. गहू नको, गूळ-साखर नको. मऊ भात, मुगाचं कढण, पिकलं केळ आणि घरी लावलेलं ताजं दही. रोजच्या रोज लावायचं, आंबू द्यायचं नाही."

"दही?" मी परत विचारलं.

"दहीच. त्यातले जंतू चांगले असतात बाई, पोटाच्या कामाला येतात."

आता ह्यालाच प्रोबायोटिक म्हणतात आणि ते पुडीत मिळतं. तेव्हा ते गाडग्यात मिळायचं, आणि आमचं गाडगं तर पालथं होतं.

घरी येऊन मी मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नवस घराचा असतो," ते म्हणाले. "एकानं मोडला की सगळ्यांचा मोडतो. डॉक्टरला देवी ठाऊक न्हाई."

"नवस तुम्ही बोललात, मामंजी. पोट तिचं आहे."

तोवर मी त्यांच्यासमोर मान वर करूनसुद्धा बोलले नव्हते. हे हळूच म्हणाले, "थोडे दिवस थांबू या." मी म्हटलं, "ती थांबेल का, ते विचारा."

दही लावायचं तर विरजण हवं, आणि घरात ते औषधालाही उरलेलं नव्हतं. समोर एका लिंगायत वाण्यांचं घर होतं. त्यांच्या थोरल्या सुनेला सगळी गल्ली अक्का म्हणायची. माहेर कर्नाटकाकडचं, बोलता बोलता कन्नडात शिरायच्या. मी वाटी घेऊन गेले आणि नवसाचं, डॉक्टरांचं सगळं सांगितलं. आमच्या सोवळ्याच्या घरात त्यांच्याकडचं काही चालत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"पोरीला इथंच आणत जा की," त्या म्हणाल्या. "मी भरवते. तुमच्या घरात कुणाला कळायचं न्हाई."

"चोरून नाही द्यायचं, अक्का. चोरी केली तर मी चुकले असं होईल."

त्यांनी वाटी काठोकाठ भरून दिली.

मी सासूबाईंच्या देखत दूध तापवलं, बोट सोसेल इतकं निवू दिलं, विरजण लावलं आणि गाडगं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. सकाळी पाहते तर दही गाईच्या आंबोणात ओतलेलं. वाटी घेतली आणि अक्कांकडे गेले. परत लावलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा लावलं आणि गाडग्याजवळच अंथरूण टाकलं. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

मामंजींनी माझ्या हातचं जेवणं सोडलं. स्वतः भात शिजवून घ्यायचे. पाणवठ्यावर बायका मला ऐकू जाईल इतपतच कुजबुजायच्या, "पुजाऱ्याच्या सुनेनं नवस मोडला." एकदा मी घागर खाली ठेवून म्हटलं, "मोडला. पोर घरात आहे, येऊन बघा." आली कुणीच नाही.

मधे पोरीला तापही आला. सासूबाई दारात बसून रडल्या, "भोग आता." मीही घाबरले होते. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की मागंपुढं होत राहील. मी भात आणखी मऊ केला, दही पातळ केलं आणि चमच्यानं भरवत राहिले. ताप उतरला. मग हळूहळू जुलाब कमी कमी होऊन थांबले. अक्का ताकाला मजगी म्हणायच्या. पोरगी तोच शब्द शिकली आणि वाटी पुढं करून "मजगी, मजगी" ओरडायला लागली. संक्रांतीला ती गल्लीतल्या कोंबडीमागं पळाली. मी तीळ निवडायचे सोडून बघत बसले.

मामंजींनी देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, नवस फिटला म्हणून. गल्लीत सांगत सुटले, देवी पावली. सासूबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या गाडग्यात, वेगळं विरजण आणून दही लावलं. माझ्या गाडग्यातलं मामंजींनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. मीही कधी पुढं केलं नाही. पोरगी मात्र त्यांच्या पानातलंही खायची, आणि ते तिला भरवायचे.

देवीची ओटी भरायला जाताना मी अक्कांना बरोबर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं काय काम?" मी म्हटलं, "त्या येणार नसतील तर मीही येत नाही." अक्का आल्या.

देवीनं माझ्या पोरीला बरं केलं, हे मी नाकारत नाही. पण कुणी म्हटलं की नवसानं बरी झाली, तर मी त्याला तिथंच थांबवते. तेव्हा थांबवत होते, अजूनही थांबवते. नवसानं नाही. मी लावलेल्या दह्यानं.