मोराची कांडी, नंबर चोवीस

आष्टीत नवरी सजवायची ती दैवशालानंच, असं बारा वर्षं चाललं होतं. परतूर रोडला तिचं पार्लर, मागच्या दोन खोल्यांत संसार. मे महिन्यातलं लग्न, साडेबाराचा मुहूर्त, डोक्यावर तापलेले पत्रे आणि नवरदेव घोड्यावरून उतरायचं नाव घेत नाही, अशा लग्नातसुद्धा दैवशालाच्या हातची नवरी दुपारी तीनला जेवायला बसली तरी तोंडावरचा रंग जागचा हलत नसे. बायका म्हणायच्या, हिच्या हाताला गुण आहे. दैवशाला नुसती हसायची. तिला पक्कं ठाऊक होतं की त्या गुणातला निम्मा वाटा हाताचा आणि निम्मा मोराच्या कांडीचा.

मोराची कांडी म्हणजे तोंडाला सगळ्यात आधी लावायच्या रंगाची बोटाएवढी कांडी. कंपनीचं नाव डबीवर इंग्रजीत होतं, ते वाचत कोण बसतो? झाकणावर मोर होता, म्हणून मोराची कांडी. आदल्या दिवशीच्या हळदीनं नवरीचं तोंड पिवळंजर्द झालेलं असतं, त्यावर दुसरं काहीही लावलं की पोरगी दवाखान्यातून उठून आल्यासारखी दिसते. चोवीस नंबरच्या रंगाची कांडी मात्र ती सगळी हळद पोटात घ्यायची. झाकण उघडलं की चंदनाचा मंद वास यायचा, आणि त्या वासानंच दैवशालाची लगीनसराई सुरू व्हायची.

बाकी दैवशाला जात्याच संशयी. दूधवाला दारात आला की ही आधी दुधात बोट बुडवणार, भाजीवालीचा काटा स्वतः हलवून बघणार. नवरा हरिओम फोनवर जरा हसला की, "कोण होतं?" म्हणून विचारणार. हरिओम म्हणायचा, "देवानं हिला पोलिसात टाकायचं, चुकून पार्लरात टाकलं." अख्ख्या जगात दोनच गोष्टींवर तिचा डोळे मिटून विश्वास होता. एक मोराची कांडी, आणि दुसरी बेबीनंदा.

बेबीनंदा ही हरिओमची धाकटी बहीण. शहागडला दिली होती. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, त्यानं दुसरी बाई केली आणि चार वर्षांपूर्वी बेबीनंदा एका पिशवीनिशी माहेरी परत आली. गावातल्या घरी आई तुळजाबाईजवळ राहायची. "भाकरी थापत बसण्यापेक्षा माझ्यासंगं चल," म्हणून दैवशालानंच तिला पार्लरात आणलं, भुवया कोरायला शिकवलं, नवरीचं तोंड तिच्या हवाली केलं. नणंद-भावजयीचं असं गूळपीठ बघून गावातल्या बायकांना आश्चर्य वाटायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं, कारण बोलायला काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांना बोलायला मिळालं. चतुराबाईच्या पोरीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी चतुराबाई फोन हातात धरून पार्लरात शिरली. फोटोत नवरीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी रंगाला भेगा पडलेल्या, कपाळ राखेसारखं करडं.

"दैवशाला, ही पोरगी नवरी दिसून राह्यली का चुलीतून काढलेली?" चतुराबाई म्हणाली. "तुझं नाव ऐकून आल्तो आम्ही."

त्या नवरीचा मेकअप बेबीनंदानं केला होता. ती हळूच म्हणाली, "वैनी, कांडी बदलली वाटतं. नव्या पेटीतली व्हती. वासच न्हाई तिला."

दैवशाला दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्याला गेली आणि राधेश्यामच्या दुकानात उभी राहिली. बांगड्या, टिकल्या, मेकअप, उदबत्त्या, अत्तरं, सगळं एकाच गाळ्यात. ती बारा वर्षं त्याचीच गिऱ्हाईक.

"शेठ, डुप्लिकेट माल द्यायला कधीपासून लागले?"

"ताई, बिलकुल बराबर माल आहे. मोर बघा, नंबर बघा, सील बघा. आजोबांपासून बसलोय इथं."

तिनं मोर बघितला. तोच मोर, तीच शेपटी, तोच चोवीस. एक कांडी उघडून नाकाला लावली, तर चंदनाचा वास आला. येणारच, कारण शेजारी चंदनाच्या उदबत्तीचा पुडा उघडा पडला होता. दुधात बोट बुडवणाऱ्या बाईच्या एवढं लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती हिशोब जुळवत राहिली. मोर तोच, नंबर तोच, वास तोच. मग बदललं काय? बदललं असेल तर माणूस. आणि माणूस म्हटल्यावर तिला दिवाळीनंतरची एक गोष्ट आठवली. एका नवरीनं खुर्चीत बसता बसता म्हटलं होतं, "मला बेबीताईच करू द्या ना, त्यांचा हात हलका आहे." तेव्हा दैवशाला हसली होती, पण काटा रुतला होता. आता तो ठणकायला लागला. स्वतःचं पार्लर काढायचं असेल तिला. चांगल्या कांड्या बाजूला सारायच्या, नवरीमुलींना भलतंच काही फासायचं, भावजयीचं नाव बुडालं की आपला बोर्ड लावायचा. वाटूरचा थांबा येईपर्यंत दैवशालाला तो बोर्डसुद्धा दिसायला लागला.

घरी आल्यावर तिनं परीक्षा मांडली. दिवाळीत आणलेल्या सहा जुन्या कांड्या कपाटात साड्यांखाली होत्या, त्या तिनं स्वतःकडे ठेवल्या. नवी पेटी बेबीनंदाच्या पुढ्यात सरकवली.

"आजपासून तुझ्या कांड्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या."

"का हो वैनी?"

"काही न्हाई. हिशोबाला बरं पडतं."

मग काय विचारता! महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंत दैवशालाच्या नवऱ्या एकीपेक्षा एक, आणि बेबीनंदाच्या नवऱ्यांच्या तोंडांवरचा रंग मांडवात फुटायचा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. दैवशालाला तर रोज नवा पुरावा मिळत होता, आणि तो पुरावा तिनंच आपल्या हातानं वाटून दिला होता हे तिला दिसत नव्हतं. बेबीनंदा पाणी प्यायला आत गेली तरी ही आरशातून बघायची. तिच्या कांड्यांवर नखानं खूण करून ठेवायची.

आणि एक दिवस खुणेच्या कांडीवर तेलकट थर दिसला. पार्लरात तेव्हा तीन बाया होत्या, त्यात चतुराबाई. दैवशालानं कशाचाही विचार न करता बेबीनंदाची बॅग उचलली आणि टेबलावर उपडी केली. कंगवा, पिना, स्पंज, अर्धी भाकरी बांधलेला रुमाल, आणि एक छोटी प्लास्टिकची डबी. डबीत पिवळट, चिकट काहीतरी होतं.

"हे काय आहे?"

"मेण आहे, वैनी. आईच्या जुन्या करंड्यातलं, कुंकवाखाली लावायचं. खोबरेलात पातळ केलं. नवरीच्या तोंडाला आधी हे लावलं की कांडी जरा कमी फुटती. तुमचं नाव खराब होऊन राह्यलं म्हणून..."

"माझं नाव? माझं नाव तूच खराब करून राह्यली! माझ्या नवऱ्यांना मेण फासती? अन् चांगल्या कांड्या कुठं जाऊन राह्यल्या, ते सांग आधी."

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि कान टवकारले. बेबीनंदा रडली नाही. रडली असती तर दैवशालाला बरं वाटलं असतं. तिनं एकेक वस्तू बॅगेत भरली, भाकरीचा रुमाल शेवटी ठेवला आणि निघून गेली. हरिओम त्या रात्री एवढंच बोलला, "ती चोर असती तर शहागडहून एका पिशवीनिशी आली असती का?" दैवशालानं कूस बदलली.

उन्हाळभर बेबीनंदा दुसऱ्यांच्या रानात मजुरीला गेली. दैवशाला एकटीनं नवऱ्या सजवत राहिली, सगळ्या जुन्या कांड्यांवर, सगळ्या देखण्या. प्रत्येक लग्नानंतर तिला वाटायचं, बघा, माझंच खरं निघालं.

मे महिन्यात अर्पिताचं लग्न आलं. अर्पिता म्हणजे दैवशालाच्या भावाची, रामप्रसादची एकुलती पोरगी. "आत्या, मी दुसऱ्या कुणाकडून करणार न्हाई," असं शाळेत होती तेव्हापासून सांगून ठेवलेलं. लग्न आष्टीतल्याच मंगल कार्यालयात होतं. जुनी शेवटची कांडी आदल्या आठवड्यात संपली होती, म्हणून दैवशालानं बेबीनंदाकडून परत घेतलेल्या पेटीतली एक बंद कांडी काढली. तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. सील तिनं स्वतःच्या नखानं फोडलं.

वास आला नाही. तिनं परत नाकाला लावली. नुसता मेणबत्तीसारखा बोथट वास. वेळ जात होता, तिनं लावायला घेतलं. नऊ वाजता अर्पिताचं तोंड तयार झालं, दागिने घालायला मैत्रिणी आल्या. साडेनऊला मैत्रीण काहीतरी बोलली, अर्पिता हसली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी बारीक भेगा पडल्या. दैवशालानं पुसून परत लावलं. पुन्हा फुटलं. कपाळ करडं पडलं. चतुराबाईच्या फोनमधल्या फोटोत होतं तसंच्या तसं.

"आत्या, काय झालं?" अर्पितानं आरशाकडे हात केला.

"काही न्हाई बाई. बस तू."

ती व्हरांड्यात आली आणि तिनं राधेश्यामला फोन लावला.

"ताई, खरं सांगू का? कंपनी दिवाळीनंतर दुसऱ्यानं घेतली म्हणतात. मोर तोच ठेवला, आतला माल हलका केला. जालन्यातल्या समद्या पार्लरवाल्या बोंबलून राह्यल्या."

"मंग मी आल्ते तवा का न्हाई सांगितलं?"

"तवा मलाबी कुठं ठाऊक व्हतं, ताई?"

त्याचं हे शेवटचं वाक्य तिला पटलं नाही, पण त्याच्याशी भांडायला तोंड उरलं नव्हतं. बेबीनंदानं फेब्रुवारीतच सांगितलं होतं. सगळ्या जगावर संशय घेणारी बाई झाकणावरच्या मोराला मात्र सख्ख्या भावासारखं मानत राहिली, आणि जी खरं बोलली तिची बॅग चारचौघींत उपडी केली. मग तिनं हरिओमला हाक मारली आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली.

बेबीनंदा ओढ्याकडच्या रानात भुईमूग उपटत होती. भरजरी साडीतली भावजय बांधावरून धावत येताना बघून बाकीच्या बाया उभ्या राहिल्या.

"बेबी, कांडीच खराब व्हती," दैवशाला धापा टाकत म्हणाली.

"ते मी कवाच सांगितल्तं."

"माझं चुकलं. अर्पिताचं तोंड फुटून राह्यलंय. चल माझ्यासंगं, हात जोडते."

बेबीनंदानं हातातली वेल झटकून ढिगावर टाकली. "अर्पितासाठी येते," म्हणाली. पाटात कोपरापर्यंत हात धुतले, वाटेत घरी उतरून बॅग घेतली.

नवरीच्या खोलीत बायकांची गर्दी होती. चतुराबाई पुढेच बसलेली. बेबीनंदा आत आली, पण अर्पिताकडे गेली नाही. टेबलाशी उभी राहून तिनं बॅगेची चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर मांडली. कंगवा, पिना, स्पंज, भाकरीचा रुमाल. रुमालाची गाठही सोडून दाखवली. शेवटी मेणाची डबी ठेवली आणि झाकण काढून दैवशालापुढे सरकवली.

"बघून घ्या, वैनी."

"राहू दे बेबी. वेळ न्हाई."

"न्हाई, बघून घ्या. मंग हात लावते."

चतुराबाईनं मान खाली घातली. दैवशालानं सगळ्यांदेखत त्या डबीत वाकून बघितलं. मग बेबीनंदानं अर्पिताचं तोंड धुतलं, बोटाच्या उबेनं मेण पातळ करून लावलं, त्यावर तीच वाईट कांडी अगदी पातळ फिरवली. तिची बोटं आता खरखरीत झाली होती, पण हात हलकाच होता. अर्पिता पाठवणीला रडली तेव्हासुद्धा रंग कुठं फुटला नाही.

जूनपासून बेबीनंदा पार्लरात परत यायला लागली. मोराची कांडी त्यांनी सोडली. दुसरी कुठलीही आणली तरी आधी बेबीनंदाच्या नाकाला लावतात, ती हो म्हणाली तर ठेवतात. दोघी पूर्वीसारख्या बोलतात, एका ताटात जेवतातसुद्धा. पण रोज सकाळी आली की बेबीनंदा आधी टेबलापाशी जाते, बॅग उघडते आणि सगळं बाहेर मांडते. दैवशाला रोज म्हणते, "राहू दे ना आता." आणि ती रुमालाची गाठ सोडत म्हणते, "बघून घ्या, वैनी."

दैवशाला बघते.