कुड्याची साल नापास झाली तेव्हा

बुधाबाई दोन एसट्या बदलून अकोले तालुक्याच्या डोंगरातून नागापूरला आली आणि गेटवरच्या वॉचमनला म्हणाली, "जिनं माजी साल खोटी ठरवली ती बाई मला दाव."

ती बाई म्हणजे मी. वय चोवीस, बी.एस्सी. केमिस्ट्री, नोकरीला दीड वर्ष झालेलं आणि अंगात डिग्रीचा ताठा भरपूर. आमचा कारखाना झाडपाल्यापासून औषधं बनवायचा. आलेला कच्चा माल लॅबमध्ये तपासणं हे माझं काम. मी पास म्हटलं तर माल आत, नापास म्हटलं तर परत. एवढा अधिकार चोविसाव्या वर्षी कुणाला देऊ नये, असं माझं आताचं मत आहे.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा होता. जिल्हाभर खडी फोडायची कामं निघालेली, माणसं मिळेल ते पाणी पीत होती आणि आव पडायच्या तक्रारींना अंत नव्हता. त्यामुळे आमच्या कुड्याच्या अर्काला मागणी वाढली होती. कुडा हे डोंगरातलं साधं झाड. पांढरी फुलं येतात, त्यांची लोक भाजी करतात. पण त्याच्या सालीत अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य कोनेसीन. आवेच्या एका जातीच्या जंतूंवर ते चालतं. झाडाने हे काही आपल्यासाठी केलेलं नाही. किड्यांनी, गुरांनी साल खाऊ नये म्हणून केलंय. तरी एवढंसं झाड स्वतःपुरता असा कारखाना चालवतं आणि त्याला ना बॉयलर लागतो ना मॅनेजर, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कुड्यात एक भानगड असते. काळा कुडा म्हणून त्याचा एक जोडीदार डोंगरात असतो. वाळलेल्या साली शेजारी ठेवल्या तर भलेभले फसतात. काळ्या कुड्याच्या सालीत हे औषध नाही. ती मिसळली की अर्क कुचकामी होतो.

बुधाबाईच्या वाडीतल्या पंचवीसेक बायका आम्हाला साल पुरवायच्या. आदल्या पावसाळ्यात सोललेली, सावलीत वाळवलेली ती साल उन्हाळ्यात गोडाऊनला आली. मी तपासली. शंभराला दोन भाग तरी अल्कलॉइड हवं, माझ्या हाती एकसुद्धा लागलं नाही. पुन्हा तपासली, तेच. मी रिपोर्ट लिहिला: माल नापास, काळ्या कुड्याची भेसळ असावी. आमचे मॅनेजर कुलथे साहेब. त्यांनी त्यावर पत्र पाठवलं की माल सोमवारी परत येईल आणि यापुढे तुमच्याकडून घेणार नाही.

आता ती बुधाबाई माझ्यासमोर उभी. साठीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होते. ती भांडली नाही. स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि तिने काय झालं ते सांगितलं. वाडीत पत्र वाचता येणारे एकटे गुरुजी. पत्र आलं की सगळी वाडी देवळापुढे जमते आणि गुरुजी मोठ्याने वाचतात. हेही तसंच वाचलं गेलं. तेव्हापासून बायका एकमेकींकडे संशयाने बघत होत्या. हिने घातली असेल, तिने घातली असेल. बुधाबाईच्या धाकट्या जावेला तर कुणी विहिरीवर बोलेनासं झालं होतं, कारण ती डोंगराच्या ज्या अंगाला काळा कुडा आहे तिकडे साल सोलायला जायची. दुष्काळात वाडीजवळ तेवढंच एक काम, तेही गेलं, आणि वर हे.

मी विचारलं, तुम्हाला कशावरून खात्री की भेसळ नाही? ती म्हणाली, "मी समदी चाखलीया."

प्रत्येक बाईची मोळी ती स्वतः चाखायची, पहाटे, चूळ भरून. या कामासाठी तिने मिश्री लावणं सोडलं होतं. तीन तुकडे चाखले की भाकरीचा घास चावायचा आणि जिभेला विसावा द्यायचा, नाहीतर चौथा तुकडा कडू लागतो तो तिसऱ्याचाच कडूपणा असतो. मी मनात म्हटलं, बाई गं, हे तर आम्ही दर मोजणीआधी ब्युरेटची काचनळी धुतो तसंच झालं. पण तोंडाने मात्र मी शहाणपणा शिकवायला लागले. जिभेचा भरवसा नसतो, मशीनचा असतो, वगैरे.

तिने विचारलं, मग तू काय करतीस ते मला सांग. मला सांगायची हौस होतीच. मी सांगितलं की झाडात हे कडू द्रव्य आम्लाशी बांधलेलं असतं. सालीची पूड घ्यायची, त्यात अमोनिया घालायचा, म्हणजे ती गाठ सुटते. मग वर क्लोरोफॉर्म ओतायचा, तो सुटलेला सगळा कडू उचलून घेतो. तो वेगळा काढून मोजायचा. राहिलेला चोथा टाकून द्यायचा.

"म्हंजी कडू समदा काढून घेती तू."

"सगळा. थेंबभरही ठेवत नाही."

खिडकीबाहेर कट्ट्यावर तिच्याच मालाचा चोथा ट्रेमध्ये वाळत पडलेला होता. तो काय आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. पुढचं इतक्या झटकन झालं की मला उठताही आलं नाही. तिने खिडकीतून हात घातला, चिमूटभर चोथा उचलला आणि जिभेवर ठेवला. मी ओरडले, क्लोरोफॉर्मचा आहे, थुंका आधी. ती थुंकली, चूळ भरली, शांतपणे पदराने तोंड पुसलं.

"कडू हाय," ती म्हणाली. "तू समदा काढून घेतला म्हनतीस, मग ह्यात कसा ऱ्हायला?"

मीही ट्रेमधला एक कण जिभेच्या टोकाला लावला. असं कुणी करू नये, नियमात बसत नाही. कडूजहर होता.

कडू चोथ्यात राहिला याचा अर्थ गाठ सुटलीच नव्हती. गाठ सोडतो अमोनिया. मी कपाटावरची बाटली उतरवली, बूच काढलं, नाक जवळ नेलं. चांगल्या अमोनियाची बाटली नुसती उघडली तरी डोळ्यांतून पाणी येतं, माणूस दोन पावलं मागे सरतो. मला काहीच झालं नाही. बाटली उन्हाच्या भिंतीला ठेवलेली, बूच सैल, आणि अमोनिया म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू. तो उडून गेला होता. लेबल तेवढं शाबूत होतं. आणि माझी अक्कल बघा, हल्ली अमोनिया डोळ्यांना झोंबत नाही याचं मला महिनाभर बरंच वाटत होतं.

सायकल काढून मी गावात कॉलेजवर गेले. आमच्या जुन्या सरांकडून अर्धी बाटली ताजा अमोनिया मागून आणला. बुधाबाई आमच्या घरी राहिली. आईला तिने पहिल्याच दिवशी आपलंसं करून टाकलं, दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसल्या. इकडे मी दोन दिवस राबले. गेल्या वर्षी पास झालेल्या सालीचा नमुना बरणीत होता. तो जुन्या अमोनियाने तपासला, नापास झाला. नव्याने तपासला, पास झाला. मग बुधाबाईचा माल नव्या अमोनियाने तपासला. शंभराला पावणेतीन. त्या लॅबमध्ये मी तेवढा चांगला कुडा आधी पाहिला नव्हता.

रिपोर्ट घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. बुधाबाई दाराशी बसली होती. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कंपनीच्या नावाला जपणारा. ते म्हणाले, जुना रिपोर्ट काढून टाका, पुनर्तपासणीत माल पास झाला असं दोन ओळींचं पत्र टाकू, विषय संपला. माल घेतला, पुढेही घेऊ, आणखी काय पाहिजे.

बुधाबाई उठली. "सायेब, पयलं पत्र समद्या वाडीफुडं वाचलं. ह्येबी तसंच वाचाया पायजे. आन टपालानं नगं. हिनं यावं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. केमिस्टने सप्लायरच्या गावी जाऊन माफी मागायची ही कुठली पद्धत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, रजा टाकते. पत्र मात्र तुमच्या सहीचं द्या आणि चूक लॅबची होती असं त्यात लिहा. बराच वेळ त्यांनी पेनचं टोपण घातलं, काढलं. मग लिहून दिलं. यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं.

रविवारी आम्ही दोघी एसटीने अकोल्याला आणि तिथून पुढे चालत वाडीला गेलो. देवळापुढे सगळी माणसं बसली होती. ती धाकटी जाऊ एका कडेला, एकटी. गुरुजींनी पत्रासाठी हात पुढे केला, बुधाबाईने त्यांना नको म्हटलं. मग मी उभी राहिले आणि वाचलं. साल अस्सल आहे, भेसळ नव्हती, चूक कारखान्याच्या लॅबकडून झाली.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "लॅब म्हंजी कोन?"

"लॅब म्हणजे मी," मी म्हटलं.

मला वाटलं, झालं. मी पत्राची घडी घालायला लागले, तर बुधाबाई म्हणाली, "अजून एकदा वाच. जाऊबाई लांब बसलीय, तिला ऐकू गेलं नसंल."

मी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. निम्म्यावर आले तेव्हा दोन बायका उठून त्या जावेच्या शेजारी जाऊन बसल्या. मी शेवटपर्यंत वाचलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ माल नापास केला. पण त्याआधी दर वेळी स्वतःची बाटली तपासली, कारण लेबल फक्त एवढंच सांगतं की बाटलीत एके काळी काय भरलं होतं.